टर्बो रोटरीचं तेल: पंप, पेट्रोल की वेगळी टाकी?

रोटरी इंजिन तेल जाळतं ते मुद्दाम. माझदाच्या आरएक्स-७ गाडीत इंजिनाच्या पुढच्या झाकणाशी एक छोटा पंप बसवलेला असतो. सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, इंजिन ऑईल घ्यायचं आणि बारीक नळ्यांतून थेंबाथेंबाने इंजिनाच्या पोटात सोडायचं, एवढंच त्याचं काम. तिथे ते पेट्रोलबरोबर जळून जातं. पिस्टनच्या इंजिनात तेल असं जळायला लागलं की मेस्त्री म्हणतो, रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. रोटरीत ते जळायचं थांबलं तर इंजिन खोलायची वेळ येते.

हे तेल किती द्यायचं, कोणतं द्यायचं आणि कुठल्या वाटेने द्यायचं, यावर रोटरी बाळगणाऱ्यांमध्ये कित्येक वर्षं वाद चालू आहे. टर्बोचार्जर आल्यावर तर तो जास्तच पेटला, कारण टर्बोमुळे तेलाची गरज वाढते आणि तेल दिल्याचा धोकाही वाढतो. सगळा वाद पंपाभोवती फिरतो. माझं मत मात्र असं झालं आहे, की पंपाला उगाच झोडपलं जातं. चूक आहे ती पंपाला कुठलं तेल पाजलं जातं त्यात.

आधी हे तेल लागतं कशाला ते पाहू. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडरची भिंत खालून क्रँककेसला उघडी असते. उडालेलं तेल भिंतीवर बसतं, ऑईल रिंग ते खरवडून खाली पाठवते आणि पातळसा थर मागे राहतो. रोटरीत असं ‘खाली’ काही नसतंच. कंबरेत किंचित आवळलेल्या लांबट हाउसिंगमध्ये तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांवर खाचेत बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, हाउसिंगच्या आतल्या भिंतीला सतत घासत जातात. रोटरच्या पोटात थंडाव्यासाठी भरपूर तेल फिरत असतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या ऑईल सील ते बाहेर येऊ देत नाहीत. म्हणजे ज्या भिंतीला घर्षण सगळ्यात जास्त, तिथे तेल पोचायची नैसर्गिक वाट नाही. ते बाहेरून आणूनच द्यावं लागतं.

घर्षण किती, याचा अंदाज आकड्यांवरून येतो. माझदाच्या १३बी इंजिनात रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर १०५ मिलिमीटर आहे आणि शाफ्टची विकेंद्रता १५ मिलिमीटर. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. शाफ्ट मिनिटाला ७,५०० फेरे घेत असेल, तर सीलचं टोक भिंतीवरून कमीत कमी सुमारे १६ आणि जास्तीत जास्त सुमारे ३९ मीटर प्रतिसेकंद वेगाने घासत असतं. ते कधीच थांबत नाही. प्रत्येक फेऱ्यात ते स्पार्क प्लगच्या भोकांवरून जातं आणि हाउसिंगच्या त्या बाजूवरून जातं, जिथे कायम जाळच असतो. रोटरीत ज्वलन नेहमी एकाच बाजूला होतं. त्या बाजूला थंड हवेचा वारा कधी लागत नाही.

पहिल्या पिढीच्या अभियंत्यांनी याची मोठी किंमत मोजली. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चाललं. हान्स डीटर पाश्केने त्याला आजचं सुटसुटीत रूप दिलं. एनएसयूने १९६७ मध्ये आरओ ८० ही सुंदर गाडी काढली, पण सील झिजून इंजिनं परत येऊ लागली. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑडीत विलीन झाली. हिरोशिमाच्या माझदाने हेच इंजिन बनवण्याचा परवाना १९६१ मध्ये घेतला होता. तिथे केनिची यामामोतोंच्या हाताखालच्या ४७ अभियंत्यांना चाचणीतल्या हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे दिसत. त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सील भिंतीवरून नीट सरकण्याऐवजी थरथरत जायची. उत्तर मुख्यत्वे सील कशाची बनवायची यात सापडलं. अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सील घेऊन १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढे धातूच्या सील आल्या आणि हाउसिंगच्या आत सच्छिद्र क्रोमचा मुलामा आला. क्रोममध्ये ती सूक्ष्म छिद्रं ठेवण्याचं कारणच तेल धरून ठेवणं हे आहे. पण छिद्रं धरतील ते तेल आधी तिथवर यायला हवं.

आता पंपाकडे येऊ. जुन्या १२ए आणि १३बी इंजिनांत तो पूर्णपणे यांत्रिक असायचा. इंजिनाच्या शाफ्टवरून त्याला फिरकी मिळते, म्हणजे फेरे वाढले की तेल वाढतं. त्याच्या अंगावर एक लहान दांडी असते, ती थ्रॉटलला जोडलेली. अॅक्सिलरेटर दाबला की दांडी फिरते, पंपाचा आतला दांडा जास्त अंतर सरकतो आणि दर ठोक्याला थोडं जास्त तेल निघतं. सुरुवातीला हे तेल कार्ब्युरेटरमध्ये सोडलं जाई. पुढे ते थेट रोटर हाउसिंगमध्ये बसवलेल्या नॉझलमधून द्यायला सुरुवात झाली.

या नॉझलकडे जरा बारकाईने पाहायला हवं, कारण टर्बो इंजिनातली निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. बोटाच्या पेराएवढा हा धातूचा तुकडा हाउसिंगमध्ये स्क्रूसारखा आवळलेला असतो, हवा ओढून घेतली जाते त्या बाजूला. त्यामुळे ज्वलनाचा प्रचंड दाब त्याच्यापर्यंत येत नाही. त्याला दोन नळ्या असतात. एकीतून पंपाचं तेल येतं, दुसरीतून गाळलेली साधी हवा. ही हवा कशाला? इंजिन मंद चालत असताना आतल्या कक्षात निर्वात ओढ असते. नुसती तेलाची नळी जोडली तर ती ओढ पंपाला न जुमानता नळीतलं तेल शोषून घेईल, आणि पंपाने मोजून दिलेल्या मापाला अर्थ उरणार नाही. हवेची नळी ती ओढ स्वतःवर घेते. तेल मापात राहतं, आणि हवेबरोबर आत जाताना थोडं फुटून पसरतंही.

टर्बो लावला की चित्र उलटं होतं. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, चढला की त्याच कक्षात वातावरणापेक्षा जास्त दाब येतो, आणि हवेच्या नळीतून तो मागे पळू पाहतो. म्हणून नॉझलच्या पोटात एकतर्फी झडप असते, हवा आत जाऊ द्यायची पण बाहेर येऊ द्यायची नाही. ही झडप कालांतराने कार्बनने चिकटते किंवा झिजते. मग बूस्ट नळीतून उलटा वाहतो, येताना तेलही घेऊन येतो, आणि हवेची नळी जिथे जोडलेली असते ती टर्बोच्या अलीकडची वाट तेलकट होते. मालक म्हणतो टर्बोची सील गेली, आणि टर्बो उतरवला जातो. खरं दुखणं पाच मिनिटांत कळतं. नॉझल काढून पुसायचा आणि हवेच्या तोंडाशी फुंकर घालायची. हवा सरळ जायला हवी. मग तिथेच तोंड लावून ओढायचं. तेव्हा काही येता कामा नये. दोन्ही बाजूंनी हवा गेली तर झडप संपली, आणि कुठूनच गेली नाही तर ती बाजू कोरडी चालली आहे. जुन्या गाड्यांत तेलाच्या प्लास्टिकच्या नळ्या हेही वेगळं दुखणं असतं. टर्बोच्या उष्णतेने त्या आधी पिवळ्या, मग तपकिरी होतात. हात लावला तर काडीसारख्या मोडतात.

धुराबद्दलही इथेच सांगतो, कारण त्यावरून पंपाला फार बोल लावला जातो. टर्बो रोटरीतून निळा धूर येऊ लागला तर कारण बहुधा टर्बोची ऑईल सील किंवा रोटरच्या बाजूच्या ऑईल सील असतात. पंप देतो ते तेल इतकं थोडं असतं, की एरवी धुरात दिसतसुद्धा नाही. उलट पंप बंद पडला तर कसलाच धूर नसतो, कसलाच आवाज नसतो. गाडी महिनोन्महिने छान चालते. कळतं ते कॉम्प्रेशन गेल्यावर.

कारखान्यातून टर्बो घेऊन आलेली पहिली रोटरी म्हणजे १९८२ ची कॉस्मो, १२ए इंजिनाची. मग आरएक्स-७ ला टर्बो मिळाला. १९९० मध्ये युनोस कॉस्मोत तीन रोटरचं २०बी इंजिन आलं, आणि १९९१ च्या आरएक्स-७ मध्ये एकामागून एक चालू होणारे दोन टर्बो असलेलं १३बी-आरईडब्ल्यू. टर्बोमुळे सीलवर काय येतं, हे समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एपेक्स सीलला भिंतीवर दाबण्याचं काम तिच्याखालच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात ज्वलनातला वायूच करतो. तो सीलच्या खाचेत शिरतो आणि तिला मागून बाहेर ढकलतो. बूस्ट वाढला की हा दाब वाढतो आणि सील भिंतीवर जास्त जोराने घासते. भिंत तापते, तापली की तेलाचा थर पातळ होतो. म्हणजे थर जिथे जाड हवा तिथेच तो विरळ होत जातो. मग जास्त तेल द्यावं का? इथेच अडचण येते. इंजिन ऑईलची ऑक्टेन क्षमता पेट्रोलच्या तुलनेत फार कमी असते. मिश्रणात ते वाढलं की नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून धक्के बसण्याची, शक्यता वाढते, आणि टर्बो रोटरीचा सर्वांत मोठा शत्रू नॉकिंगच आहे. पिस्टनचं इंजिन थोडं नॉकिंग सोसून घेतं. रोटरीत एका जोरदार धक्क्याने दोन मिलिमीटरची सील तुटू शकते, आणि तिचा तुकडा बाहेर पडताना हाउसिंग ओरबाडतो, पुढे टर्बोची पातीही मोडतो. जास्तीच्या तेलाचा कार्बन सीलच्या खाचांत बसून तिला जागच्या जागी चिकटवतो, ते आणखी वेगळं.

यांत्रिक पंपाला बूस्ट कळत नाही. त्याला फेरे कळतात आणि थ्रॉटल कळतो. अर्ध्या थ्रॉटलवर बूस्ट किती चढला आहे याचा त्याला पत्ता नसतो. १९८९ नंतरच्या आरएक्स-७ मध्ये म्हणून दांडीची जागा स्टेपर मोटरने घेतली. इंजिनाचा संगणक भार पाहून पंप किती उघडायचा ते ठरवतो, आणि पंपावरचा सेन्सर तो खरंच तेवढा उघडला का ते कळवतो. दोन्हींत फरक आढळला की संगणक इंजिनाची ताकद आवळतो. चालकाला ते त्रासदायक वाटतं, पण ही व्यवस्था मला रोटरीच्या इतिहासातल्या शहाण्या निर्णयांपैकी वाटते. ज्या बिघाडाचा आवाजही होत नाही आणि धूरही येत नाही, त्याची खबर आपणहून देणारं दुसरं काहीच गाडीत नाही. ताकद वाढवण्यासाठी बाहेरचा संगणक बसवणारे नेमकी हीच व्यवस्था काढून टाकतात, कारण पुष्कळ बाहेरच्या संगणकांना हा पंप चालवताच येत नाही.

मग ते पेट्रोलमध्ये तेल मिसळतात. हा मार्ग आपल्याला नवा नाही. चेतक किंवा लुना चालवलेल्या पिढीला पेट्रोल पंपावर पेट्रोलबरोबर ऑईल मागितल्याचं आठवत असेल. रोटरीत साधारणपणे १०० ते २०० भाग पेट्रोलला एक भाग टू-स्ट्रोक ऑईल घालतात. गाडी लिटरला ७ किलोमीटर देत असेल आणि प्रमाण २०० ला एक असेल, तर हजार किलोमीटरला सुमारे १४३ लिटर पेट्रोल आणि ७०० मिलिलिटरच्या आसपास तेल लागेल. याचे फायदे खरे आहेत. तेल सगळ्या मिश्रणात सारखं पसरतं. नॉझलमधून पडणारा थेंब एका जागी पडतो, तिथून तो सीलच्या पूर्ण लांबीवर आणि रोटरच्या बाजूच्या सीलपर्यंत पोचावा लागतो. मिश्रणाला हा प्रश्न नाही. शिवाय बूस्ट वाढला की पेट्रोल वाढतं, म्हणून तेलही आपोआप वाढतं. आणि टू-स्ट्रोक ऑईल जळण्यासाठीच बनवलेलं असतं.

तोटेही तितकेच खरे आहेत. प्रत्येक वेळी टाकी भरताना मापात तेल घालणं एकदा चुकलं तरी महागात पडतं. शिवाय एक तांत्रिक भोक राहतं. जोरात गाडी पळवून अॅक्सिलरेटर सोडला, की आधुनिक इंजिन पेट्रोल पूर्ण बंद करतं. फेरे सहा हजारांवर, पेट्रोल शून्य, म्हणून तेलही शून्य. घाटाच्या लांब उतारावर किंवा शर्यतीत ब्रेक लावताना हा कोरडा काळ वारंवार येतो. पंप मात्र तेव्हाही थोडं तेल देत राहतो. शर्यतीच्या मैदानावर जाणाऱ्या, दर काही तासांनी इंजिन खोलणाऱ्या माणसाला नुसतं मिश्रण पुरतं. रोजच्या गाडीतून पंप काढून टाकू नये असं मला ठामपणे वाटतं.

आता मूळ मुद्दा. पंप तेल देतो ते सम्पमधलं, आणि सम्पमधलं तेल जळू नये म्हणून बनवलेलं असतं. त्यात झीज रोखायला जस्त आणि फॉस्फरसची संयुगं, मळ धुवायला कॅल्शियमची संयुगं घातलेली असतात. ती जळली की राख उरते, आणि फॉस्फरस एग्झॉस्टमधल्या कॅटॅलिस्टला निकामी करत जातो. रोटरीत सम्पच्या तेलात कच्चं पेट्रोल मिसळत राहतं ते निराळंच. टर्बो असेल तर हेच तेल टर्बोच्या धगधगत्या बेअरिंगमधून फिरून आलेलं असतं. दिवसभर इंजिनातली सगळी कामं केलेलं, तापून तापून पातळ झालेलं तेल आपण सर्वांत नाजूक जागी पाठवतो. सम्पमध्ये सिंथेटिक घालावं की मिनरल, यावर रोटरीवाले रात्र रात्र भांडतात. जळल्यावर राख कमी सोडणारं चांगलं तेल घ्या आणि वेळेवर बदला, एवढ्यावर तो प्रश्न मिटतो.

टू-स्ट्रोक मोटारसायकलींनी हा पेच कधीच सोडवला होता. यामाहा आरएक्स १०० ला सम्प नव्हता, म्हणून तिला बाजूला तेलाची वेगळी टाकी आणि मापाने देणारा पंप होता. पेट्रोलमध्ये काही मिसळावं लागत नसे. रोटरीतही हे झालेलं आहे. सुझुकीने १९७४ मध्ये आरई-५ ही रोटरी मोटारसायकल काढली, तिला सीलसाठी तेलाची स्वतंत्र टाकी होती. त्याच काळातली जर्मनीची हर्क्युलिस डब्ल्यू-२००० सरळ पेट्रोलमध्ये तेल मिसळायला सांगायची. माझदाने मोटारींत सम्पचाच मार्ग धरला. मालकाला दुसरी टाकी सांभाळायला लावणं व्यवहारात अवघड वाटलं असेल, आणि ती रिकामी राहिली तर इंजिन जाईल ही भीतीही रास्त आहे. पण टर्बो बसवल्यावर तरी हा निर्णय पुन्हा तपासायला हवा होता. आज पंपाच्या खाली बसवायचा एक साधा अॅडॅप्टर मिळतो. तो सम्पची वाट बंद करतो आणि पंपाला वेगळ्या टाकीतलं टू-स्ट्रोक ऑईल देतो. कारखान्याचा पंप, संगणकाची राखण आणि जळण्यासाठी बनलेलं तेल, तिन्ही एकत्र मिळतात. मला उपलब्ध उपायांत हा सर्वांत चांगला वाटतो, त्यावर टाकीची पातळी दाखवणारा सेन्सर बसवला असेल तर.

तेल कमी दिल्यावर काय होतं, हे टर्बो नसलेल्या आरएक्स-८ ने दाखवलं. २००३ मध्ये ती आली तेव्हा उत्सर्जनाचे नियम कडक होते आणि तेल मोजूनमापून दिलं जाई. सुरुवातीला दर रोटरला दोन नॉझल होते. २००९ च्या सुधारित गाडीत माझदाने तिसरा नॉझल वाढवला आणि पंप विजेवर चालणारे केले. अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी आधीच ८ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली होती. २०१२ मध्ये गाडी बंद झाली. २०२३ च्या एमएक्स-३० मध्ये रोटरी परत आली, पण चाकं फिरवायला नव्हे, वीज तयार करायला. हे इंजिन एका रोटरचं, ८३० सीसीचं आहे, आणि सीलची जाडी दोनवरून अडीच मिलिमीटर केली आहे. तेल मात्र त्यालाही लागतंच.

आपल्याकडेही या इंजिनावर काम झालं आहे, तेही महाराष्ट्रात. अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई ही डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, आणि बंगळूरच्या एनएएल व एडीई या विमान संशोधन संस्था यांनी मिळून निशांत या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन तयार केलं. ते बसवलेलं निशांत २००९ च्या मार्चमध्ये कोलारला उडालं. वजनाला हलकं आणि थरथर कमी, म्हणून छोट्या विमानांना हे इंजिन शोभतं. आणि ठरावीक तास उडून हँगरमध्ये परत येणाऱ्या यंत्रात तेल वेळेवर भरणारा माणूस नेहमी हजर असतो. गाडीत नेमका तोच नसतो.

अमेरिकेतल्या लिक्विडपिस्टन कंपनीने प्रश्न मुळापासून उलटा केला आहे. त्यांच्या इंजिनात टोकावरच्या सील रोटरवर नाहीत, स्थिर हाउसिंगमध्ये आहेत. सील जागेवरून हलत नाही, म्हणून तिला हवं तेवढं तेल थेट तिच्याच जागी देता येतं. मोटारीत हे इंजिन दिसायला वेळ लागेल. पण वांकेलने घालून दिलेली अडचण नेमकी कुठे आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी मांडलेलं मला दिसलं नाही.

तोपर्यंत ज्याच्याकडे टर्बोची आरएक्स-७ आहे त्याला माझं सांगणं एवढंच. कारखान्याचा पंप काढू नका. प्लास्टिकच्या नळ्या जुन्या झाल्या असतील तर त्या दिसायला धड असल्या तरी बदला. नॉझल वर्षातून एकदा काढून फुंकून पाहा. जमलं तर वेगळ्या टाकीचा अॅडॅप्टर लावा. नाही जमलं तर सम्पचं तेल लवकर बदला आणि पेट्रोलमध्ये लिटरला ४-५ मिलिलिटर चांगलं टू-स्ट्रोक ऑईल घाला. आणि अॅडॅप्टर नसेल तर दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहा. तेलाची पातळी हळूहळू खाली येत असेल तर पंप काम करतो आहे. ती जिथल्या तिथे राहिली, तर गाडी तशीच चालवू नका, पंप तपासून घ्या.